कूलर बंद करून ऐकलेला भीमपलास

यंदा होळी होऊन आठ दिवसही झाले नाहीत आणि कूलर खाली काढावा लागला. माळ्यावरून तो उतरवायचा, वर्षभराची धूळ झटकायची, कोळ्यांची जाळी काढायची, पंप चालतो का ते बघायचं आणि तिन्ही बाजूंची जुनी खस फेकून नवी बसवायची. आमच्या वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या गल्लीत हे काम साधारण एकाच आठवड्यात घरोघरी निघतं. नव्या खसेवर पहिलं पाणी पडलं की ओल्या मुळांचा वास घरभर पसरतो. तो वास आला की उन्हाळा लागला, असं मी धरते. कॅलेंडर काय म्हणतं त्याच्याशी मला देणंघेणं नाही.

वासामागून आवाज येतो. पत्र्याचा मोठा कूलर ज्यांनी कधी ऐकला नाही त्यांना तो सांगून समजणार नाही. पंख्याची घरघर, पंपाची गुणगुण, ठिबकणारं पाणी, आणि या सगळ्याच्या खाली पत्रा थरथरतो त्याचा एक सलग स्वर. आमच्या कूलरचा तो स्वर काळी दोनच्या जवळपास आहे, असं वानखडे सरांनी एकदा पेटीची पट्टी दाबून दाखवलं होतं. चैत्रापासून मृगापर्यंत आमच्याकडचं सगळं बोलणं या आवाजावरून ओरडून होतं. फोन आला तर अंगणात जावं लागतं. आणि गाणं ऐकायचं असेल तर कूलर बंद करावा लागतो. याला दुसरा उपाय नाही.

आम्ही तिघं गेली कित्येक वर्षं दर रविवारी एकत्र बसून गाणं ऐकत आलो आहोत. जुनी ध्वनिमुद्रणं, शास्त्रीय गाण्याची. एक वानखडे सर, कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, राहणार वर्धा. त्यांच्याकडे कॅसेटी, टेपची चाकं आणि त्यांच्यावरून संगणकात उतरवलेल्या फाइलींचा मोठा संग्रह आहे. दुसरे रमेशभाऊ, पुलगावात त्यांचं पंप आणि पाइपांचं दुकान, घर तिथून जवळच नाचणगावला. तिसरी मी. सेवाग्रामच्या दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी ठेवायच्या विभागात मी तीस वर्षं काम केलं. गाणं आमच्यापैकी कोणीही शिकलेलं नाही. आम्ही फक्त ऐकणारे.

एक रविवार सरांकडे, एक माझ्याकडे, एक रमेशभाऊंकडे. उन्हाळ्यात बैठक सकाळी साडेसातला सुरू होते, कारण नऊनंतर बंद कूलरच्या खोलीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं. ऐकण्याची आमची एक पद्धत ठरली होती. आधी कोणी बोलायचं नाही. गाणं संपलं की पाच मिनिटं शांतपणे प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहायची, काय वाटलं ते. मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. त्यानंतर वाद. ही पद्धत मीच घालून दिली होती. नाहीतर व्हायचं काय, की सर आधी बोलायचे आणि मग आम्हा दोघांना तेच वाटायला लागायचं.

चिठ्ठ्यांमध्ये तिघांचे तीन स्वभाव यायचे. सर मोजत. गायकाने एका श्वासात किती वेळ काढला, षड्जावर किती वेळा आला, तबला कुठे पुढे पळाला. रमेशभाऊ दुकानातून बोलत. एकदा एका म्हाताऱ्या गवयाचा संथ मारवा ऐकल्यावर त्यांनी लिहिलं होतं, "हा माणूस मोटर सुरू करते अन् पाणी यायची वाट पाहते. बाकीचे पाणी नसतानाच नळ उघडून राह्यले." सरांना हे इतकं आवडलं की ती चिठ्ठी त्यांनी त्या कॅसेटच्या डबीत घालून ठेवली. माझ्या चिठ्ठ्या माणसावर असायच्या. गाणारा कसा असेल, कोणाला घाबरत असेल, घरी कोणाशी कसा वागत असेल. फाइल उघडून आत काय दुखणं आहे ते शोधायची सवय नोकरीत लागलेली. मी बऱ्यापैकी कडक लिहायची. खरं सांगायचं तर त्या कडकपणाचा मला अभिमानच होता. ज्यांच्याबद्दल लिहायचो ते बहुतेक सगळे केव्हाच गेलेले. आपण काय म्हणतो ते त्यांच्या कानावर पडणार नव्हतं, आणि पडलं असतं तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा फार लवकर तापला होता. मार्च सरला तेव्हाच रेल्वेलाइनच्या कडेचे पळस फुलून गळून गेले होते आणि रस्त्याच्या कडेला नुसती काळी खोडं उरली होती. त्या रविवारी मी आणि सर वर्ध्याहून सकाळच्या गाडीने पुलगावला गेलो. सरांनी डोक्याला ओला दुपट्टा बांधला होता. मी पिशवीत कैऱ्या घेतल्या होत्या, कुमुदवहिनींना आवडतात म्हणून. कुमुदवहिनी म्हणजे रमेशभाऊंच्या पत्नी. आमची बैठक त्यांच्याकडे असली की त्या चहा आणि पोहे करायच्या, आल्याबरोबर "याजी, बसाजी" म्हणायच्या आणि आत जायच्या. गाणं सुरू असताना त्या कधी बाहेर येऊन बसल्या नाहीत. त्यांना आवड नसावी, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं.

स्टेशनवर रमेशभाऊ गाडी घेऊन उभे होते. नेहमीसारखं बोलत नव्हते. घरी पोचल्यावर त्यांनी सरांच्या हातात पेनड्राइव्ह दिला आणि म्हणाले, "आज हे लावा. मागं तुम्ही मले एक कॅसेट उतरवून देल्ली होती ना, तेच आहे."

"कोणाचं आहे? मी उतरवली तेव्हा ऐकलं नव्हतं," सर म्हणाले. उतरवताना ऐकायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

"एका वळखीच्या घरून भेटली. गाणाऱ्याचं नाव नंतर सांगतो. आधी चिठ्ठ्या लिवा."

यात वावगं काही नव्हतं. नाव न सांगता ऐकणं आम्ही मधूनमधून करत असू. रमेशभाऊंनी कूलर बंद केला. पंखा हळूहळू थांबला, पत्र्याचा स्वर उतरत उतरत गेला आणि मग घरात एकदम मोकळं वाटलं. आत गॅसवर कढईत मोहरी तडतडली तेही ऐकू आलं.

घरगुती ध्वनिमुद्रण होतं. तबला नाही, पेटी नाही. तंबोरा आणि एका मुलीचा आवाज. आलाप सुरू झाला आणि सर पुटपुटले, "भीमपलास. हा तर दुपारचा राग." मग आपलाच नियम आठवून गप्प बसले.

आवाज तरुण होता, अठरा-वीस वर्षांच्या मुलीचा. तयारीचा. ती सावकाश वर चढत होती. मध्यमावर छान थांबत होती. सहा-सात मिनिटं झाली आणि ती एकाएकी थांबली. नुसता तंबोरा वाजत राहिला. श्वास घ्यायला माणूस थांबतो तेवढं नाही, पुष्कळ वेळ. मला वाटलं टेप संपली, पण तंबोरा चालूच होता. मग ती पुन्हा गाऊ लागली आणि आणखी पाचएक मिनिटं गायली. शेवटी दोन-तीन ताना घेतल्या. मग कुणा मुलाचा आवाज आला, "झालं?" आणि खट्ट करून बंद.

आम्ही लिहायला घेतलं. आत कढई शांत झाली होती. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, नंतर आलं.

सरांनी आधी वाचलं. "आवाज पांढरी चारच्या आसपास. तीन सप्तकांची तयारी. मध्ये सदतीस सेकंद थांबली आहे, पुढचं सुचलं नसावं. शेवटच्या ताना उत्तम, साफ. एवढ्या लहान वयात अशा ताना म्हणजे मेहनत दिसते."

रमेशभाऊ म्हणाले, "माझी नंतर. ताई, तुम्ही वाचा."

मी वाचलं. ती चिठ्ठी आजही मला शब्द न् शब्द पाठ आहे. "गळा चांगला. शिकवणारा कडक असावा, कारण मुलगी सगळं घाबरत घाबरत गाते आहे. मध्ये वाट चुकली आहे. त्यानंतर पंचम जवळजवळ लावलेलाच नाही, म्हणजे राग अर्धाच समजला आहे. अशा मुली चार लोकांसमोर गाण्यापुरतं शिकतात, लग्न झालं की सोडतात. त्यात गाण्याचं फारसं काही नुकसान होत नाही."

शेवटच्या वाक्यावर मी जरा खूश होते. लिहिताना ते झरझर आलं होतं.

कुमुदवहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, ट्रे टीपॉयवर ठेवला, सांडलं नाही काही. मग आमच्या दोघांकडे न बघता रमेशभाऊंना म्हणाल्या, "मले विचारलं काऊन नाई?"

रमेशभाऊ टीपॉयवरचे कप सरळ करू लागले.

"माझ्या पेटीतली कॅसेट हाय ते. तुम्ही काढली, नेली, अन् मले विचारलं काऊन नाई?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. दार लावलं नाही, आपटलं नाही. सर कपाच्या कानाला बोट लावून बसले होते. माझ्या हातात चिठ्ठी होती आणि ती कुठे ठेवावी ते मला कळत नव्हतं. रमेशभाऊ खाली मान घालून म्हणाले, "तिचंच गाणं आहे ते. लगनाच्या आधीचं."

चहा कोणी प्यायला नाही. परतीच्या गाडीला वेळ होता, पण आम्ही स्टेशनवर जाऊन बसलो. दहा वाजले होते आणि फलाटाची फरशी चपलेतून भाजत होती. सर म्हणाले, "तुम्हाला काय माहीत होतं?" मी म्हटलं, "माहीत नव्हतं हे खरंच. पण माहीत असतं तर मी वेगळं लिहिलं असतं, हेही खरं ना?" सरांनी दुपट्टा नळावर पुन्हा ओला करून घेतला. गाडी आली.

पुढचे तीन रविवार बैठक झाली नाही. मधे एकदा रमेशभाऊंचा फोन आला. दुकानातून करत होते, मागे पाइप कापायच्या यंत्राचा आवाज होता. "ती बोलून नाई राह्यली," ते म्हणाले. "म्हणजे बोलते. जेवाले या, दूध आणा, एवढं. ताई, तुमचा राग नाई तिले. राग माझा आहे."

"पण तुम्ही असं केलंच का?" मी विचारलं.

मागचं यंत्र बंद झालं. "मले गाण्यातलं काय समजते? मले तिचं चांगलंच वाटलं असतं. कसंही असतं तरी चांगलंच वाटलं असतं. म्हणून तुमच्याकडून ऐकाचं होतं, जे खरं आहे ते. लगन ठरलं तवा तिनं एकडाव गायलं होतं आमच्या घरच्या लोकायसमोर. मंग कधी नाई. मी कधी गा म्हटलं नाई. आता पेटी आवरताना कॅसेट दिसली तर वाटलं, आपण किती मोठी चीज बंद करून ठेवली का काय ठेवली, ते तरी समजू दे."

त्यांना जे समजून घ्यायचं होतं ते मी माझ्या चिठ्ठीत लिहून दिलं होतं. फारसं नुकसान नाही.

नोकरीत असताना माझ्या हातून एकदा दोन सारख्या नावांच्या रुग्णांच्या नोंदींची अदलाबदल झाली होती. वेळेत लक्षात आलं, काही बिघडलं नाही, पण त्यानंतर कित्येक दिवस मी प्रत्येक फाइल दोनदा उघडून बघत असे. तसंच त्या दिवसांत होऊ लागलं. घरी एकटीने काही लावलं तरी दोन मिनिटांत बंद करायची. गाणारा कोणी का असेना, त्याच्याबद्दल मनात काही वाक्य तयार व्हायला लागलं की मला स्वतःचाच कंटाळा यायचा. दुपारी कूलरसमोर पडून राहायची आणि त्याचा तो काळी दोनचा स्वर ऐकायची. त्यावर मत द्यायचं नसतं, हे बरं होतं.

अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आमच्या आखाजीच्या, आधी एका बुधवारी मी एकटीच नाचणगावला गेले. रमेशभाऊ दुकानात असतील अशा वेळी. सकाळचे आठ वाजले होते. कुमुदवहिनी गच्चीवर कुरडया घालत होत्या. जुन्या धोतरावर पांढरी वेटोळी ओळीने उमटत होती. मला बघून त्यांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि म्हणाल्या, "आल्या तं बसा. त्या टोकाले बसा, तिकडून सुरू करा. हात धुवून या आधी."

मी हात धुतले आणि सोऱ्या हातात घेतला. पंधरावीस कुरडया झाल्या. चीक गरम होता, हाताला चटके बसत होते. मग मी म्हटलं, "वहिनी, मी जे शेवटचं वाक्य लिहिलं..."

"ते वाक्य परत घ्या असं मी नाई म्हणत," त्या म्हणाल्या. "ते बरोबर आहे का चूक, मलेच मालूम नाई. गाणं सोडल्यानं गाण्याचं काय गेलं, मी कसं सांगू? माझं काय गेलं ते तुम्ही लिवलंच नव्हतं."

त्या पुढची कुरडई घालू लागल्या. मग म्हणाल्या, "घाबरत गात होते हे तुम्ही बरोबर वळखलं. मास्तर लय कडक होते. आर्वीले आमच्या घरामागंच राहायचे. नऊ वर्सं शिकली मी त्याह्यच्याजवळ. पण वाट चुकली म्हणता, ते नाई. वाट नव्हती चुकली."

"मग थांबलात का?"

"तंबोरा उतरत होता."

मला समजलं नाही. त्यांनी सोऱ्या खाली ठेवला आणि समजावून सांगितलं, एखाद्याला भाजी सांगावी तसं. वैशाखातली दुपार होती. टिनाचं छप्पर. भाऊ सेलवर चालणारा टेप घेऊन समोर बसला होता. तंबोरा मास्तरांचा, मास्तरांनीच जुळवून दिलेला आणि ते बाहेर गेलेले. गाता गाता वहिनींच्या लक्षात आलं की उष्म्याने षड्जाच्या तारा, ज्यांना जोड म्हणतात त्या, किंचित खाली आल्या आहेत. पंचमाची तार मात्र तिथेच राहिली होती.

"खुंटीले हात लावाची मले मनाई होती. मास्तरच लावून द्यायचे. मंग काय करू? भाऊ तं टेप चालू ठेवून बसला होता. थांबली. ऐकत राह्यली, किती उतरला ते. मंग तो उतरला तेवढीच मीबी खाली आली अन् तिथून गायली. पंचम लावला असता तं तारेसंग भांडला असता. म्हणून सोडला. मध्यमावरच काम चालवलं." त्या हसल्या. त्या उन्हाळ्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "अन् सर ज्याले साफ ताना म्हणतात ना, त्या रटलेल्या होत्या. मास्तरनं बसवलेल्या. त्या कोणीही घेतल्या असत्या."

म्हणजे ज्याला आम्ही चूक म्हणालो तेवढंच त्या मुलीचं स्वतःचं होतं. आणि ज्याची तारीफ केली ते दुसऱ्याचं. तीस-पस्तीस वर्षं ऐकत असल्याचा तोरा मिरवणाऱ्या आम्हा दोघांपैकी एकालाही तंबोरा उतरल्याचं ऐकू आलं नव्हतं.

उतरताना जिन्यात मी विचारलं, "मग सोडलं का?"

"तंबोरा मास्तरचा होता, मास्तरकडं राह्यला," त्या म्हणाल्या. "मंग पोरं झाली. सासूबाईचं आजारपण आठ वर्सं. कोणी बंद कर नाई म्हटलं. कोणी गा बी नाई म्हटलं." मग मला दारात थांबवून म्हणाल्या, "येत्या रविवारी कोणाकडं बसता? मी येते. त्याह्यले नका सांगू, मीच सांगीन."

त्या रविवारी सरांकडे बैठक होती. नवराबायको दोघं आले, पण रमेशभाऊ थोडे मागे चालत होते. सरांच्या बैठकीच्या खोलीत वहिनी खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, ते पुन्हा लावा. तुमच्या मशीनवर मोजता येते ना, ते मोजा."

मी सरांना आधी फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांना ते पुरतं पटलं नव्हतं. जुन्या टेपमध्ये स्वर हलतो, सेल उतरले की चाक हळू फिरतं, असं ते म्हणत होते. त्यांनी कूलर बंद केला, संगणकावर फाइल उघडली आणि पहिल्या मिनिटातला षड्ज आणि शेवटच्या मिनिटातला षड्ज मोजला. दुसरा खाली होता. थोडाच, पण होता.

"सेल," सर म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटले, "पण सेल उतरले असते तर टेप हळू फिरून भरली असती. आता नीट वेगाने वाजवल्यावर स्वर चढलेला यायला हवा. हा तर उतरला आहे." त्यांनी चष्मा पुसला. मग तंबोऱ्याच्या पंचमाची तार मोजली, सुरुवातीची आणि शेवटची. दोन्हीकडे जवळपास तोच आकडा. टेपचा दोष असता तर सगळंच सारखं हललं असतं. सर कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. आयुष्यभर मुलांना प्रयोग शिकवलेला माणूस. शेवटी खुर्ची वळवून ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आम्हाला ऐकू आलं नाही."

एवढंच. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

"आता हे कोणाकोणाकडं आहे?" वहिनींनी विचारलं.

सरांच्या संगणकात, त्यांनी मला पाठवलेली प्रत माझ्या फोनमध्ये आणि रमेशभाऊंच्या पेनड्राइव्हमध्ये.

"मिटवा."

सर कळवळले. "वहिनी, अहो, ही फार वेगळी गोष्ट आहे. संग्रहात राहू द्या. नाव लिहीत नाही पाहिजे तर. अशी गोष्ट पुन्हा..."

"सर, माझं आहे ते," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मले वाटंन तवा मी देईन. आता मिटवा."

सरांनी त्यांच्यासमोर फाइल काढून टाकली. कचऱ्याच्या डब्यातूनही काढली आणि तसं करून दाखवलं. मी फोनमधून काढली. रमेशभाऊंनी पेनड्राइव्ह खिशातून काढून बायकोच्या हातात दिला, आणि मग कॅसेटही दिली. ती त्यांनी शर्टाच्या खिशात आणली होती. वहिनींनी दोन्ही वस्तू पर्समध्ये टाकल्या, चेन लावली आणि विचारलं, "आज काय ऐकता?"

तेव्हापासून आम्ही चौघं आहोत. वहिनींची चिठ्ठी लहान असते, एखादी ओळ. कधीकधी कोरीच. सुरुवातीला मला वाटायचं की माझ्या चिठ्ठ्या आता मवाळ होतील. तशा त्या झाल्या नाहीत. मला जे खटकतं ते मी अजून लिहिते. फक्त गाणाऱ्याच्या आयुष्याबद्दल निकाल देत नाही. ते मला माहीत नसतं. आणि एखादी जागा चुकली असं वाटलं की ती आधी पुन्हा लावून ऐकते. तीन-चार वेळा. बहुतेक वेळा चूकच असते. पण कधीतरी नसते.

रमेशभाऊंशी वहिनी पूर्ववत बोलायला लागल्या त्याला बराच काळ गेला. पाऊस सुरू होऊन सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं. कसं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. एका रविवारी दोघं येताना रस्त्यात कशावरून तरी भांडत आले, पार घरात शिरेपर्यंत, आणि मला बरं वाटलं.

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट आत्ता पंधरा दिवसांपूर्वीची आहे. बैठक माझ्याकडे होती. एका नामवंत गायिकेचं सकाळच्या मैफलीतलं ध्वनिमुद्रण सरांनी आणलं होतं, तोडी. आम्ही सगळे मान डोलावत होतो. रमेशभाऊंना गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून ते अंगणात जाऊन कुठल्याशा मोटरीबद्दल बोलत होते. इतक्यात वहिनी म्हणाल्या, "थांबवा जरा."

गाणं मध्येच थांबवायचं नाही, असा आमचा शिरस्ता. सरांनी थांबवलं.

"इथं ती घाई करून राह्यली. गंधार असा सोडाचा नसते," वहिनी म्हणाल्या. "असं नाई. असं."

आणि त्यांनी तो गंधार लावला. खुर्चीत बसल्या बसल्या, मांडीवर पर्स तशीच. आवाज टेपमधल्या मुलीचा नव्हता. खालचा होता, जाड झालेला, सुरुवातीला थोडा खरखरला. गंधारावर त्या थांबल्या, तो हलवत हलवत रिषभावर आणला आणि षड्जावर सोडला. जेमतेम एक ओळ. अंगणातलं बोलणं बंद झालं होतं. रमेशभाऊ फोन कानाला तसाच धरून दारात येऊन उभे राहिले होते, आणि पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत होता.

वहिनींनी आमच्याकडे पाहिलं. "समजलं का?"

मी हो म्हणणार होते. मला समजलं होतं. लहान मुलालाही समजलं असतं.

वानखडे सर म्हणाले, "नाही समजलं. पुन्हा एकदा दाखवा."

वहिनींनी सरांकडे नीट निरखून पाहिलं. मग पर्स मांडीवरून काढून खाली ठेवली, पाठ सरळ केली आणि पुन्हा गायल्या.